मातीतून क्रोमपर्यंत : हार्ली अर्ल

समजा व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की गाडीला बंपर कशासाठी असतो, तर आपल्यातला कोणीही अर्धवट झोपेतसुद्धा उत्तर देईल. धडक बसली तर पहिला मार बंपरने खायचा, म्हणजे मागचे दिवे, रेडिएटर आणि बॉडी वाचते. उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतील. पण गेल्या शतकात एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने या साध्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ तीस वर्षं बदलून ठेवलं. त्याच्या हाताखाली बंपर हा गाडीचा चेहरा झाला, दागिना झाला, आणि मार खाण्याचं मूळ काम मागे पडलं. हा माणूस इंजिनियर नव्हता. त्याच्याकडे कुठलीच पदवी नव्हती. तरीही जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीत तो उपाध्यक्षपदापर्यंत पोचला, आणि आज ऑटोमोबाईल डिझाईन नावाचं जे करिअर आपण ऐकतो त्याची सुरुवात बऱ्याच अंशी त्याच्यापासून झाली. त्याचं नाव हार्ली अर्ल.

घोडागाड्यांचं वर्कशॉप

हार्ली अर्लचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूडमध्ये झाला. तेव्हा तिथे सिनेमा नव्हता, गाव होतं. त्याचे वडील जे. डब्ल्यू. अर्ल लॉस एंजेलिसमध्ये घोडागाड्या बांधायचे. रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या तसा त्यांनी काळ ओळखला आणि १९०८ मध्ये वर्कशॉपचं नाव अर्ल ऑटोमोबाईल वर्क्स केलं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या सुताराने बैलगाड्या सोडून ट्रकच्या बॉड्या बांधायला घ्याव्यात तसंच हे.

त्या काळात श्रीमंत माणूस गाडी कशी विकत घ्यायचा, हे आधी समजून घ्यायला हवं. कंपनीकडून चॅसिस घ्यायची, म्हणजे फ्रेम, इंजिन आणि चाकं. त्यावर बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. लाकडी सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा. सामान्य माणसाची गाडी मात्र कारखान्यातून जशी येईल तशी. इंजिनियर लोक एकेक भाग वेगळा काढायचे आणि बोल्टने जोडून द्यायचे. बॉनेट एकाचं, मडगार्ड दुसऱ्याचं, दिवे तिसऱ्याचे. बंपर तर पुष्कळदा गाडीबरोबर मिळायचाही नाही. तो वेगळे पैसे मोजून घ्यायचा, आणि तो म्हणजे काय, तर स्प्रिंगच्या पोलादाच्या एकदोन सपाट पट्ट्या. काम चोख, रूप शून्य.

हार्ली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेला, पण शिक्षण अर्धवट सोडून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये परत आला. उंची सहा फुटांच्या वर, कपड्यांचा भयंकर शौक, आणि बोलताना अडखळण्याची सवय. (अडखळणारा माणूस पुढे डेट्रॉइटमधल्या बड्या बड्या इंजिनियरांना घाम फोडणार होता, हे तेव्हा कोणाला खरं वाटलं नसतं.) एव्हाना हॉलिवूडमध्ये सिनेमावाले आले होते. त्यांना चारचौघांसारखी गाडी नको होती. विनोदी नट फॅटी आर्बकल, काउबॉयचे सिनेमे करणारा टॉम मिक्स, अशी गिऱ्हाइकं अर्लकडे यायची. टॉम मिक्सच्या गाडीवर तर त्याने चक्क घोड्याचं खोगीर चढवलं होतं. आज आपण ज्याला कस्टम बिल्ड म्हणतो तो धंदा हार्लीने असा ऐन तारुण्यात शिकून घेतला. सिनेमावाल्यांकडून तो आणखी एक गोष्ट शिकला. लोक गाडीत बसण्याआधी गाडीकडे बघतात.

मातीची गाडी

१९१९ मध्ये कॅलिफोर्नियातला कॅडिलॅकचा बडा विक्रेता डॉन ली याने अर्लांचं वर्कशॉप विकत घेतलं आणि हार्लीलाच तिथे मुख्य म्हणून ठेवलं. हार्लीची काम करण्याची पद्धत इतरांपेक्षा वेगळी होती. तो स्वतः फारसा ड्रॉइंग बोर्डवर बसत नसे. कागदावरच्या रेषेवर त्याचा विश्वासच नव्हता. लाकडी सांगाड्यावर मॉडेलिंगची माती चढवून तो गाडीचा आकार घडवून घ्यायचा, आणि तोही पूर्ण मापात.

ही साधी वाटणारी गोष्ट किती मोठी होती, ते ज्याने शीट मेटलचं एक जरी जॉब केलं आहे त्याला कळेल. पत्र्याला एका दिशेने वाकवणं सोपं असतं. दोन्ही दिशांनी वळण द्यायचं म्हटलं की पत्रा ताणावा लागतो, ठोकावा लागतो, आणि बिघडला तर गेला. म्हणून लाकूड-पत्रावाले कारागीर शक्यतो सरळ कडा आणि सपाट बाजू ठेवायचे. मातीला असलं काही बंधन नसतं. आज थोडी चढवली, उद्या खरवडून काढली. मुख्य म्हणजे बॉनेट, मडगार्ड, दिवे, पायरी, बंपर हे सगळं एकाच मातीतून एकत्र दिसतं. एकाची रेषा दुसऱ्यात कशी मिसळते, हे पत्रा कापण्याच्या आधीच कळतं.

कॅडिलॅकचा प्रमुख लॉरेन्स फिशर कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर आला असताना त्याने हे काम पाहिलं आणि तो थक्क झाला. त्या वेळी जनरल मोटर्सला कॅडिलॅकपेक्षा थोडी स्वस्त अशी एक नवी गाडी काढायची होती. ते काम त्याने अर्लला दिलं. अर्लच्या डोळ्यांसमोर युरोपातली इस्पानो-सुइझा होती, आणि तिचा प्रभाव त्याने लपवलाही नाही. मार्च १९२७ मध्ये ला साल ही गाडी बाजारात आली. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीचं रूप पहिल्यापासून शेवटपर्यंत एका स्टायलिस्टने ठरवण्याची अमेरिकेतली ही सुरुवात मानतात.

गाडी चालली. कंपनीचा सर्वेसर्वा आल्फ्रेड स्लोन हा स्वतः एमआयटीत शिकलेला इंजिनियर. त्याच्या लक्षात आलं की हेन्री फोर्ड एकाच मॉडेल टी-वर अडून बसला आहे, आणि बऱ्याच अमेरिकनांकडे आता एक गाडी झालीच आहे. त्यांना दुसरी विकायची तर ती वेगळी दिसायला हवी. १९२७ मध्येच त्याने आर्ट अँड कलर सेक्शन नावाचा विभाग काढला, पन्नासएक माणसं दिली आणि अर्लला त्याचा प्रमुख केलं.

पोट सुटलेली ब्युइक

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय : डिझाईनवाले विरुद्ध प्रॉडक्शनवाले. डेट्रॉइटमधल्या इंजिनियरांना हा हॉलिवूडचा छानछोकी माणूस अजिबात आवडला नाही. यंत्राशी ज्याचा संबंध नाही तो आपल्याला गाडी कशी असावी ते सांगणार?

त्याचं फळ १९२९ च्या ब्युइकमध्ये दिसलं. अर्लने या गाडीच्या बाजूला, खिडक्यांच्या रेषेखाली, किंचित फुगवटा दिला होता. किती? तर जेमतेम सव्वा इंच. मातीच्या मॉडेलवर तो सुंदर दिसत होता. पण कारखान्यात गेल्यावर उत्पादनाच्या सोयीसाठी बाजूचे पत्रे खालून मूळ डिझाईनपेक्षा जास्त आत ओढले गेले आणि बॉडीची उंची पाच इंच वाढली. अर्लला कोणी विचारलं नाही. जो फुगवटा डौलदार दिसायला हवा होता तो पोट सुटल्यासारखा दिसू लागला. लोकांनी गाडीला गरोदर ब्युइक असं नाव ठेवलं. विक्री घसरली आणि कंपनीला ते मॉडेल गुंडाळावं लागलं.

अर्ल संतापला, पण त्यातून तो शिकलाही. नुसतं सुंदर मॉडेल करून उपयोग नाही. ते मॉडेल ज्या साच्यातून आणि प्रेसमधून जाणार आहे, त्या माणसांशी आपलं बोलणं रोज असलं पाहिजे. यानंतर त्याने आपल्या विभागात बॉडी इंजिनियरिंग जाणणारी माणसं वाढवली आणि कारखान्याशी संबंध घट्ट केले. पाच इंच हे माप ड्रॉइंगवर छोटंच दिसतं, पण ते न विचारता बदललं की काय होतं, हे प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये ज्याचा पार्ट दुसऱ्याच्या पार्टवर बसलेला नाही त्याला सांगायला नको.

वाटेत आपल्या मुंबईचाही एक संबंध येतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. परदेशातून सुटे भाग यायचे आणि शिवडीत त्यांच्या शेवरोले उभ्या राहायच्या. डेट्रॉइटमध्ये मातीत ठरलेल्या आकारांचा पत्रा असा आपल्या रस्त्यांवर उतरला.

बंपर वळला

१९३७ मध्ये विभागाचं नाव स्टायलिंग सेक्शन झालं आणि पुढच्याच वर्षी अर्लने एक अशी गाडी बनवली की जी विकायची नव्हतीच. ब्युइक वाय-जॉब. ब्युइकच्या चॅसिसवर बांधलेली, सुमारे सतरा फूट लांब, दोन माणसांची उघडी गाडी. हेडलाइट मोटरने उघडझाप होणारे, काचा विजेवर चालणाऱ्या, टप मागच्या झाकणाखाली लपणारा, दाराच्या मुठी बॉडीच्या पातळीत, आणि बाजूच्या पायऱ्या गायब. कंपनीने लोकांना भविष्य दाखवण्यासाठी बनवलेली ही पहिली कन्सेप्ट कार समजली जाते. अर्ल ती रोज कामावर घेऊन जायचा. चौकात गाडी थांबली की लोक काय बघतात, कुठे बघतात, हे तो पाहत असणार.

वाय-जॉबचा बंपर मुद्दाम बघण्यासारखा आहे. आधीचा बंपर म्हणजे गाडीपुढे धरलेली काठी. गाडी एक, काठी वेगळी. इथे बंपर मडगार्डाच्या वळणाबरोबर बाजूला वळून गेला. बंपरची रेषा आणि बॉडीची रेषा एक झाली. माती वापरल्याशिवाय हे सुचणं अवघड होतं. पण यातच पुढच्या सगळ्या भानगडीचं बीजही होतं. बॉडीला चिकटून शोभणारा बंपर धडकेच्या वेळी दबायला जागा कुठून आणणार? बंपर आणि बॉडी यांच्यातलं मोकळं अंतर दिसायला वाईट असतं, पण मार झेलायला तेच उपयोगी पडतं.

१९४० मध्ये अर्ल जनरल मोटर्सचा उपाध्यक्ष झाला. एवढ्या मोठ्या कंपनीत डिझाईनच्या माणसाला असं पद मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा दराराही तसाच होता. समोर डझनभर रेखाचित्रं मांडलेली असायची, हा लांबलचक माणूस खुर्चीत बसून नुसतं बघायचा, आणि एखादी रेषा पाव इंच खाली घ्यायला सांगायचा. माणसांना कामावरून काढायलाही मागेपुढे पाहत नसे. हाताखालच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत त्याच्याबद्दल आदर आहे, आणि भीती जरा जास्तच आहे.

मुलींच्या हॉस्टेलने एक गोष्ट नोंदवून ठेवावी. १९४३ मध्ये हेलेन रोदर ही डिझायनर जनरल मोटर्समध्ये आली आणि १९५० च्या दशकात अर्लने आणखी काही स्त्री डिझायनर घेतल्या. कंपनीने त्यांची जाहिरात पुष्कळ केली, पण त्यांना काम दिलं ते बहुतांशी गाडीच्या आतलं. बाहेरचा पत्रा पुरुषांकडेच राहिला.

तोफगोळे आणि पंख

महायुद्धाच्या सुमारास अर्ल आपल्या काही माणसांना घेऊन मिशिगनच्या सेल्फ्रिज फील्ड विमानतळावर गेला. तिथे लॉकहीडचं पी-३८ हे लढाऊ विमान होतं. दोन लांब शेपट्या, प्रत्येकीला उभा पंखा. युद्ध संपल्यावर १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर छोटे पंख उगवले, ते त्या भेटीतून. हे काम प्रत्यक्षात फ्रँक हर्शी या डिझायनरच्या गटाने केलं. पुढची दहा वर्षं हे पंख वाढतच गेले.

गाडीच्या पुढच्या टोकालाही असाच प्रकार चालला होता. बंपरच्या पट्टीवर दोन उभे ठोकळे असत, दुसऱ्या गाडीचा बंपर आपल्या बंपरवर चढू नये म्हणून. अर्लच्या लोकांनी त्यांना गोल केलं, मग फुगवलं, मग टोकदार केलं. अर्लच्या डोक्यात तोफेचे गोळे होते. गाडी थांबलेली असतानासुद्धा सुटल्यासारखी दिसायला हवी होती. १९५१ ची ले साबर ही कन्सेप्ट कार तर जेट विमानाचं नाक लावून आली होती आणि तिच्याही पुढे हे गोळे होते. टीव्हीवरच्या डॅगमार नावाच्या एका अभिनेत्रीवरून अमेरिकन लोकांनी या बंपरना डॅगमार हे नाव दिलं. का दिलं ते इथे छापत नाही, हे मासिक स्टाफरूममध्येही वाचलं जातं. १९५७ च्या कॅडिलॅकवर या गोळ्यांच्या टोकांना काळं रबरही आलं. थोडक्यात, ठोकर टाळण्यासाठी लावलेल्या भागाला आता स्वतःलाच ठोकरीपासून जपावं लागत होतं.

याच काळात त्याने कॉर्व्हेटही दिली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात मोटोरामा प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, त्याच वर्षी फायबरग्लासच्या बॉडीच्या ३०० गाड्या बनल्या. पुढच्या जाळीला १३ क्रोमचे दात होते. बंपर मात्र नावापुरता.

कापाकापी

अर्लच्या कारखान्यातून निघालेल्या या चकचकीत वस्तूंचं पुढे काय झालं, हे बघायला आपल्याला पुन्हा त्याच्या जन्मगावाकडे, लॉस एंजेलिसला जावं लागतं. युद्धानंतर तिथे जुन्या गाड्या कापून नवं रूप देणाऱ्या पोरांची एक पिढीच तयार झाली. त्यातले सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ सर्वांत नावाजलेले. त्यांनी केलेली हिरोहाता मर्क ही मर्क्युरी गाडी त्या जगात फार प्रसिद्ध आहे. तिच्या बाजूला लावलेली क्रोमची पट्टी १९५२ च्या ब्युइकची आहे. म्हणजे फोर्डच्या कंपनीची गाडी आणि अर्लच्या विभागाचा दागिना. कॅडिलॅकचे गोळे, दुसऱ्या एखाद्या गाडीचा बंपर, तिसऱ्याची जाळी, असं जमवून गाडी एकसंध दिसली पाहिजे हा त्यांचा ध्यास. डी सोटो कंपनीच्या १९३७ च्या गाडीचा पन्हाळी बंपर त्यांना इतका आवडायचा, की तो कितीतरी वेगळ्या गाड्यांवर बसलेला दिसतो.

हे बसवणं म्हणजे नुसतं बोल्ट मारणं नव्हे. रुंद गाडीचा बंपर अरुंद गाडीला लावायचा तर तो मधे कापून तुकडा काढावा लागतो. मग दोन्ही बाजूंचं वळण जुळत नाही. त्यासाठी आतून कापे देऊन, थोडं थोडं वाकवून, पुन्हा वेल्ड करावं लागतं. वेल्डही एका दमात ओढायचं नाही, नाहीतर उष्णतेने बंपर पिळवटतो. इंचभर इकडे, इंचभर तिकडे, आणि मधे थंड होऊ द्यायचं. जुनी बोल्टची भोकं बुजवायची, हातोडी आणि डॉलीने पातळी आणायची, मग कानस.

या सगळ्याआधी जुनं प्लेटिंग उतरवावं लागतं, आणि मागाहून नवं चढवावं लागतं. क्रोमचा थर असतो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. खरं काम त्याखालचं निकेल करतं, आणि त्याच्याही खाली तांबं. तांब्याचा जाड थर देऊन तो घासला की बारीक खड्डे भरतात. डेंटिंगवाला दाराच्या पत्र्यावर पुट्टी भरून, वर रंग मारून मोकळा होतो. बंपरला ती सोय नाही. पुट्टीतून वीज जात नाही, त्यामुळे तिच्यावर प्लेटिंग चढत नाही. चूक झाकायची तर ती धातूनेच झाकावी लागते, आणि क्रोम आरशासारखा असल्यामुळे उरलेली प्रत्येक चूक तो दुप्पट करून दाखवतो. (आणि प्लेटिंगचं काम हॉस्टेलच्या बाथरूममध्ये करायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. त्या टाकीतलं क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं.)

बंपर कापून जोडला तरी त्याला धरणारे ब्रॅकेट चॅसिसला कुठे आणि कसे लागले आहेत, यावरच तो मार झेलणार की नाही हे ठरतं. दिसायला छान म्हणून बंपर बॉडीच्या जवळ ओढला की हिशेब बिघडतो. अर्लने लाखो गाड्यांवर जे केलं तेच ही पोरं एकेका गाडीवर करत होती, आणि किंमतही तीच मोजत होती.

स्वतःच्याच नियमाचा बळी

दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटू लागते आणि माणूस नवीन घेतो. स्लोन आणि अर्ल यांनी मिळून हा खेळ उभा केला. त्यातून कारखाने चालले, लाखोंना रोजगार मिळाला, आणि चांगल्या चालत्या गाड्या निव्वळ दिसण्यापायी बदलायची सवयही लागली. आज आपण मोबाईल ज्या कारणाने बदलतो त्याचं मूळ शोधत गेलं तर या दोघांचं दार लागेलच.

पण जो नियम गाडीला तोच अर्लला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्याकडे नवीन काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते क्रोम. १९५८ च्या ब्युइकच्या जाळीवर क्रोमचे १६० चौकोनी तुकडे होते. १९५६ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विभागातल्या चक जॉर्डन या तरुण डिझायनरला क्रायस्लरच्या येऊ घातलेल्या गाड्या आवारात उभ्या असलेल्या दिसल्या. व्हर्जिल एक्सनरने काढलेल्या, सडपातळ, स्वच्छ रेषांच्या. आपण करतोय ते आजच जुनं झालं, हे पोरांना तिथल्या तिथे कळलं. अर्ल तेव्हा युरोपात होता. त्याचा उजवा हात बिल मिचेल याने धाडस केलं आणि १९५९ च्या मॉडेलचं चाललेलं काम बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करायला परवानगी दिली. अर्ल परत आला. ज्याच्यासमोर कोणी वर मान करून बघत नसे, त्याच्या मागे त्याचाच विभाग उलटला होता. त्याने ते नवं काम पाहिलं आणि ते चालू ठेवू दिलं. आयुष्यभर पाव इंचासाठी भांडलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करावी. पण डोळा अजून शाबूत होता. आपल्यापेक्षा चांगलं काय आहे हे त्याला दिसलं, आणि ते त्याने मान्य केलं. १९५८ च्या अखेरीस, वयाच्या पासष्टीत, तो निवृत्त झाला आणि खुर्ची मिचेलकडे गेली. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच इथे त्याचं निधन झालं.

बंपर पुन्हा कामावर

अर्ल जिवंत असतानाच वारं फिरलं होतं. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं पुस्तक आलं. सुरक्षिततेपेक्षा दिसण्यावर खर्च करणाऱ्या मोटार कंपन्यांची त्याने सालटी काढली, आणि टोकदार पंखांनी पादचारी कसे जखमी होतात हेही मांडलं. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. सप्टेंबर १९७२ पासून, म्हणजे १९७३ च्या मॉडेलपासून, नियम आला : समोरून ताशी ५ मैलांच्या धडकेत दिवे आणि इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. बंपरला त्याचं जुनं काम परत मिळालं. पहिल्या काही वर्षांत गाड्यांना रेल्वेच्या रुळासारखे अवजड बंपर लागले. अर्लच्या कॉर्व्हेटचा पुढचा क्रोम बंपर १९७३ मध्ये गेला आणि मागचा १९७४ मध्ये. त्या जागी बॉडीच्या रंगाचं लवचिक प्लॅस्टिक आलं.

आजच्या गाडीचा बंपर वर्कशॉपमध्ये कधी खोलून बघा. बाहेरचं जे दिसतं ते पातळ प्लॅस्टिकचं कवच, हव्या त्या वळणाचं. त्याच्या आत फोम, आणि त्याच्या मागे पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा मजबूत बीम. जो भांडणतंटा १९२९ च्या ब्युइकपासून चालू होता तो अशा रीतीने मिटला. बाहेरचं कवच डिझाईनवाल्यांचं, आतला बीम इंजिनियरांचा. मिटला खरा, पण दोघांनी एकाच टेबलावर बसून मधल्या फोमची जाडी ठरवली तरच. ते न करता कोणी परस्पर पाच इंच बदलले तर पोट सुटलेली ब्युइक आजही जन्माला येऊ शकते.

अर्लने चुका केल्या, आणि मोठ्या केल्या. त्याच्या हाताखाली बंपर आपलं काम विसरला. पण त्याने ठेवलेली एक सवय जगभरच्या डिझाईन स्टुडिओंनी सोडलेली नाही. कॉम्प्युटरवर कितीही सुंदर मॉडेल फिरवून बघितलं, तरी पत्र्याचे महागडे साचे कापायच्या आधी अनेक कंपन्या आजही पूर्ण मापाची मातीची गाडी उभी करतात. माणसं तिच्याभोवती फिरतात, हात फिरवून बघतात, आणि कोणीतरी एखादी रेषा पाव इंच खाली घ्यायला सांगतो.